हृदयतपासणीचा बाजार आणि पहिला तास

हृदयविकाराची भीती ही आज विक्रीची वस्तू झाली आहे. शहरांतील रुग्णालये व प्रयोगशाळा ‘संपूर्ण हृदयतपासणी’ची पॅकेजे सवलतीच्या दरात विकतात आणि धडधाकट माणसेही ती विकत घेतात. खेदाची गोष्ट अशी की, एखाद्या जयंतीचे निमित्त साधून आपलीही मंडळी मोफत ईसीजीची शिबिरे भरवतात, शे-दोनशे लोकांच्या हातांत कागदाची पट्टी ठेवतात आणि आरोग्यसेवा घडल्याचे समाधान मानतात. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. परंतु या चाचण्या काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे विचारल्यावाचून केलेली सेवा अखेर बाजाराच्याच पथ्यावर पडते.

ईसीजीच्या संशोधनाबद्दल डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे यंत्र हृदयाचा त्या काही सेकंदांतील विद्युत्-व्यवहार टिपते. ठोक्यांचा ताल बिघडला आहे काय, पूर्वी झटका येऊन गेल्याची खूण आहे काय, या क्षणी झटका चालू आहे काय, हे त्यावरून पुष्कळदा कळते. परंतु रक्तवाहिनी आतून अरुंद होत चालली असतानाही स्वस्थ पडलेल्या माणसाचा ईसीजी निर्दोष येऊ शकतो. ध्वनिलहरींवर आधारलेला इको झडपांची स्थिती आणि स्नायूंची आकुंचनशक्ती दाखवतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतील अडथळा तो प्रत्यक्ष दाखवत नाही. पट्ट्यावर चालवून घेतली जाणारी स्ट्रेस टेस्ट वाहिनी बरीच अरुंद झाली असेल तरच सहसा इशारा देते. मात्र कित्येक झटके मेदाचा असा थर फुटल्यामुळे येतात, की जो आदल्या दिवसापर्यंत रक्तप्रवाहाला फारसा अडवतही नव्हता. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल’ या दोन शब्दांच्या आधारे जो तंबाखू मळत राहतो आणि रक्तदाबाची गोळी सोडून देतो, त्याचा या तपासणीने घातच केला असे म्हटले पाहिजे.

दुसरी बाजू याहून महागडी आहे. ज्याला कोणतेही लक्षण नाही आणि ज्याचा धोकाही कमी आहे, अशा माणसाची स्ट्रेस टेस्ट खोटा इशारा देण्याचा संभव बराच असतो. त्या इशाऱ्यापाठोपाठ अँजिओग्राफी येते आणि तिच्यापाठोपाठ स्टेंट. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाने कमी धोक्याच्या, लक्षणरहित प्रौढांची अशी ईसीजी-चाळणी करू नये, असा सल्ला २०१८ साली दिला. ज्यांचा विकार स्थिर आहे अशा ५,१७९ रुग्णांचा ‘इस्केमिया’ नावाचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट वा बायपासचा मार्ग धरल्याने, केवळ औषधोपचारांवर भर देण्याच्या तुलनेत, मृत्यू वा झटके कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. छातीतील वेदना असणाऱ्यांना आराम मात्र मिळाला, आणि तो लाभ कोणी नाकारू नये. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, हे योग्यच झाले. परंतु स्टेंटची किंमत ठरवता आली, तरी तो अनावश्यक असताना बसवला जाणार नाही याची हमी त्यातून मिळत नाही.

मग ईसीजी टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. छातीत कळ येऊन, घामाने भिजून जो दारात आला, त्याचा ईसीजी १० मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, कारण त्याच्या बाबतीत ती कागदाची पट्टी जीवन-मरणाचा निर्णय करते. पहिली पट्टी निर्दोष असली तरी त्याला घरी धाडता येत नाही. ईसीजी पुन्हा काढावा लागतो आणि ट्रोपोनिन या रक्तचाचणीसाठी काही तास थांबावे लागते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांच्या अभ्यासात, अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज ही दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने ८ टक्के दगावले, तर दोन्ही न मिळालेल्यांपैकी १३ टक्के. ही औषधे जितक्या लवकर मिळतील तितका हृदयाचा स्नायू वाचतो. एवढे ज्ञान हाती असताना तालुक्याच्या गावी रात्री अकरा वाजता पोहोचलेल्या शेतमजुराला ‘पित्त झाले असेल’ म्हणून गोळी देऊन परत पाठवले जावे, याला नशीब म्हणावयाचे काय? ईसीजी तज्ज्ञाकडे तत्काळ पाठवून लहान रुग्णालयातच उपचार सुरू करण्याची आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवण्याची व्यवस्था तामिळनाडूत अमलात आणून पाहिली गेली आहे. ती अशक्य आहे, असे आता कोणालाही म्हणता येणार नाही.

‘लवकर निदान झालेले काय वाईट?’ असा आक्षेप घेतला जाईल. निदान लवकर व्हावेच! पण त्याची साधने निराळी आहेत. रक्तदाब मोजण्याचा पट्टा, रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल आणि ‘तंबाखू किती खाता?’ हा साधा प्रश्न माणसाच्या पुढील दहा वर्षांबद्दल जेवढे सांगतात, तेवढे लक्षण नसताना काढलेला ईसीजी सांगत नाही. त्यांत नफा अल्प आहे, म्हणूनच त्यांच्या जाहिराती झळकत नाहीत.

म्हणून कार्यकर्त्यांनी पुढच्या शिबिरात ईसीजीऐवजी रक्तदाब मोजावा. ज्याचा वाढलेला आढळेल त्याचे नाव लिहून घ्यावे आणि त्याला आरोग्य केंद्रातून दरमहा गोळ्या मिळतात की नाही, हे महिन्यामहिन्याने तपासावे. त्याचबरोबर आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन तीन प्रश्न लेखी विचारावेत. ईसीजीचे यंत्र चालू आहे काय? रात्री तो वाचणारा कोणी आहे काय? गुठळी विरघळवणारे औषध आज कपाटात आहे काय? उत्तर ‘नाही’ असेल तर मोर्चा तेथूनच निघाला पाहिजे. ज्याच्या खिशात पॅकेजचे पैसे नाहीत, त्याच्या हृदयाची जबाबदारी सार्वजनिक दवाखान्याने घ्यावी, ही मागणी दयेची नव्हे, हक्काची आहे.