मोजले नाही, तिथे हिरवा रंग कसा?

थंडी पडली की मुंबईच्या हवेचे रंगीत नकाशे हातोहात फिरू लागतात. त्यांतला बहुतेक रंग मोजलेला नसून अंदाजाने भरलेला असतो. आपल्या वस्तीवर हिरवा ठिपका पाहून दमेकरी निर्धास्त बाहेर पडतो आणि ही फसगत कोणाच्याच नावावर लागत नाही.

हवा मोजणारी केंद्रे मोजकी असल्याने मधल्या भागांचे आकडे शेजारच्या केंद्रांवरून काढावे लागतात. त्यासाठीची ‘क्रिगिंग’ ही पद्धत आली दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींतून. थोड्या नमुन्यांवरून खाणीतल्या सोन्याचा अंदाज बांधण्याची रीत अभियंता डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये मांडली. जॉर्ज मातरों या फ्रेंच गणितज्ञाने तिला भक्कम पाया दिला. जवळच्या जागा एकमेकींसारख्या असतात, हे तिचे गृहीतक. पण सोने जागचे हलत नाही, हवा हलते. माहुलला एकीकडे तेलशुद्धीकरण कारखाने, जवळच तुर्भ्याची टेकडी, दुपारी समुद्रावरून येणारा वारा रात्री उलटा फिरलेला. तिथे दोन किलोमीटरवरची हवा ‘जवळची’ म्हणायची का? शिवाय ही पद्धत टोकाचे आकडे बोथट करते. देवनारच्या कचराडेपोलगतच्या गल्लीत यंत्र नसेल, तर तिथला धूर शेजाऱ्यांच्या सरासरीत विरतो.

गंमत म्हणजे आपला अंदाज कुठे किती चुकू शकतो, हेही क्रिगिंग सांगते. नकाशा लोकांपुढे येताना नेमके तेवढेच गळते.

सरकारी हिशेबातही हाच धोका आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. पीएम १० या धूलिकणांत २०२५-२६ पर्यंत ४० टक्के घट, हे त्याचे सुधारित लक्ष्य. फुप्फुसात खोल उतरणारे पीएम २.५ हे अधिक बारीक कण या हिशेबात मागेच राहिले. प्रगती शहराच्या सरासरीवर जोखली की नवे केंद्र बागेत बसवायचे. धुळीचा कणही न हटता शहर ‘सुधारते’.

म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि पालिकांनी प्रत्येक नकाशासोबत त्याच्या चुकीचाही नकाशा छापावा. एकेक केंद्र झाकून उरलेल्यांवरून त्याचा आकडा काढावा आणि प्रत्यक्षाशी किती जुळला ते जाहीर करावे. नवी यंत्रे दाट वस्तीत, जिथे अंदाज सर्वांत डळमळीत आहे तिथे आधी बसावीत. तोवर अशा जागी राखाडी रंग भरा. राज्यात घुग्घुसच्या कोळसापट्ट्यापासून तारापूरच्या कारखान्यांपर्यंत तो किती पसरतो, ते लोकांना दिसू द्या.