दोन चाव्यांची तिजोरी

बँकेत तिजोरीची एक चावी माझ्याकडे असे, दुसरी रोखपालाकडे. एकदा तो तापाने अंथरुणाला खिळला आणि त्याच्या घरून चावी येईपर्यंत पेन्शनवाली म्हातारी मंडळी दारात ताटकळली. पैसा आत होता. पण एकट्या चावीने तो कुणाच्या हाती लागेना.

2024 साली अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून डॉ. अविनाश आवलगावकर यांची निवड झाली, तेव्हा मला ती सकाळ आठवली. महानुभाव साहित्याचा अभ्यासक महानुभावांच्याच तीर्थक्षेत्री कुलगुरू! अभिनंदन तर आहेच. पण सरकारी विद्यापीठ एका पंथाच्या गावी कशाला, असेही कुणी विचारील.

माझे उत्तर म्हाइंभट. चक्रधरस्वामींच्या पश्चात त्यांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले, त्यांना गावोगाव गाठून आठवणी टिपल्या आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपुरी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. आजच्या पीएचडीवाल्यांनी हेवा करावा अशी ही पायपीट! पुढे मात्र पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिपीत बंद झाल्या. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्यांनी ती लिपी उलगडली, तोवर मराठीचे पहिलेवहिले गद्य मराठी माणसालाच ठाऊक नव्हते. एक चावी पंथाकडे होती, दुसरी कुणाकडेच नव्हती.

धर्म आणि विद्यापीठ यांची सांगड अवघड असते, अशक्य नसते. न्यूयॉर्कचे येशिवा विद्यापीठ 1886 सालच्या धार्मिक शाळेतून वाढले. 2016 साली त्याच्या अध्यक्षपदी रब्बी आरी बर्मन यांची निवड झाली. त्याच विद्यापीठाने 1955 साली आइन्स्टाइनच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय काढले होते. तिथे धर्मग्रंथ आणि शरीरशास्त्र एकाच छताखाली नांदले.

आमच्या घनसावंगी तालुक्यात समर्थांचे जांब आहे. संत कुणाचा, हा वाद तीर्थपुरीच्या पारावरही रंगतो. पोथी मात्र कुणी उघडत नाही.

नव्या विद्यापीठात कुलगुरूंचा निम्मा दिवस पदमंजुरी आणि निधीच्या फायलींत जातो, हे माझ्यासारख्या जुन्या कारकुनाला वेगळे सांगायला नको. म्हणून अभिनंदनाच्या पत्रात मी एवढेच लिहिले: सर, दर वर्षी किती हस्तलिखितांची छायाचित्रे सर्वांसाठी खुली झाली, तो आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर छापा. इमारतीचा फोटो दुसऱ्या पानावर चालेल.