फोनवरचा गोपनीय अहवाल

सरकारी नोकरीतल्या आपल्या आधीच्या पिढीने दोन अक्षरांचा धसका आयुष्यभर घेतला : सी.आर. वर्षाअखेरीस साहेब गोपनीय अहवालात चार ओळी लिहायचा. तोंडावर ‘काम छान चाललंय’ म्हणायचा आणि कागदावर ‘साधारण’ लिहून मोकळा व्हायचा. प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला कळवण्याचा नियम होता. म्हणून बेरकी साहेब प्रतिकूल लिहीतच नसे. ‘साधारण’, फार तर ‘चांगला’. तेवढ्याने बढती अडत असे आणि कळवावेही लागत नसे. किती मागासवर्गीय अधिकारी या एका शब्दाने खालच्या खुर्चीवरून निवृत्त झाले, त्यांच्या घरच्यांना विचारा.

सीमा सडक अभियांत्रिकी सेवेतील देव दत्त या अभियंत्याच्या बाबतीत नेमके हेच झाले. बढतीसाठी ‘फार चांगला’ हवा होता; एका वर्षी ‘चांगला’ मिळाला आणि तो त्यांना कळवलाही नाही. मे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने पूर्ण अहवाल दाखवण्याचा आदेश काढला. म्हणजे सरकारी नोकरीतला हा अंधार, निदान कायद्याने तरी, दूर झाला.

पण आपली मुले आज कुठे आहेत? सरकारी भरती आटली, कंत्राटीकरण झाले. बी.ई., एम.बी.ए., नर्सिंग करून ती खाजगी कंपनीत, बँकेत, रुग्णालयात लागली. तिथे राखीव जागा नाहीत, हे आपण नेहमी बोलतो. तिथे सी.आर. मात्र आहे आणि तो फोनवरून दिला जातो, हे आपण बोलत नाही.

नवी नोकरी ठरत आली की नव्या कंपनीचा एच.आर. किंवा त्याने नेमलेली पडताळणी एजन्सी जुन्या साहेबाला फोन करते. ‘माणूस कसा आहे?’ उत्तर येते, ‘काम ठीक, पण ॲटिट्यूडचा प्रॉब्लेम.’ किंवा नुसती शांतता, जी शिवीपेक्षा वाईट. फॉर्मवर एक प्रश्न असतो : या व्यक्तीला पुन्हा नोकरीवर घ्याल का? समोर ‘नाही’वर खूण. कारण लिहावे लागत नाही. उमेदवाराला ‘पोझिशन होल्डवर आहे’ असा निरोप मिळतो आणि आपल्याबद्दल काय बोलले गेले हे त्याला कधीच कळत नाही.

इंग्रजांच्या काळात छावणीतला बटलर याहून बरा होता म्हणायचे. शिवराम जानबा कांबळे पुण्यात मॅसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. त्यांच्यासारख्या अनेकांना साहेबाच्या चिठ्ठीवर पुढची चाकरी मिळे. पण ती चिठ्ठी निदान हातात असे. वाचता येणाऱ्याकडून वाचून घेता येई.

हा त्रास सगळ्यांनाच होतो, यात जात कशाला आणता, असे कोणी म्हणेल. त्याने सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. सारखीच पात्रता असलेले अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले गेले. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली; मुस्लिम नावाला एक तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील कंपन्यांच्या व्यवस्थापकांशी बोलून दाखवले की, ‘मेरिट’चा जप करणारेच उमेदवाराच्या ‘घरच्या पार्श्वभूमी’वर भिस्त ठेवतात. आडनावाने दार अर्धे बंद होते, उरलेले जुन्या साहेबाचा फोन बंद करतो. ज्याने कँटीनमधल्या आरक्षणाच्या टोमण्याला उलट उत्तर दिले, ज्या मुलीने ‘माझी पगारवाढ का अडली’ असे लेखी विचारले, त्यांचाच ‘ॲटिट्यूड’ खराब ठरतो.

तक्रार करणाऱ्यावर असा सूड उगवणे युरोपच्या न्यायालयांनी ओळखले आहे. ब्रिटनमध्ये लिंगभेदाची तक्रार करणाऱ्या कूट या बाईंना जुन्या मालकाने शिफारसपत्र दिले नाही. १९९८ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले की, नोकरी संपल्यानंतरच्या अशा सूडापासूनही कर्मचाऱ्याला संरक्षण मिळाले पाहिजे. त्याआधी १९९४ मध्येच ब्रिटनच्या लॉर्डस् सभागृहाने निष्काळजीपणे शिफारसपत्र लिहिणाऱ्या मालकाला नुकसानीबद्दल जबाबदार धरले होते. आपल्याकडे खाजगी नोकरीतल्या जातिभेदाविरुद्ध असा सरळ दिवाणी कायदाच नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार गुन्हा ठरला, पण फोनवरच्या एका वाक्याचा पुरावा आणायचा कुठून?

कामगाराला कागदाचा हक्क होता तो १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यामुळे. तो कायदा झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. त्याखालच्या आदर्श स्थायी आदेशांत स्पष्ट कलम होते : कायम कामगाराला, बडतर्फ झालेल्यालासुद्धा, सेवेचा दाखला मिळालाच पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि तो कायदा गेला. पूर्वी शंभर कामगारांच्या आस्थापनेला स्थायी आदेश लागत, आता तीनशेंना. त्याहून लहान ठिकाणच्या कामगाराने दाखला कोणत्या कलमाखाली मागायचा? संहितांनी नेमणूकपत्र सक्तीचे केले, एवढे मात्र पदरात पडले. ते मागून घ्या.

तोवर हातात काय आहे? कागद. राजीनामा तोंडी नको, ई-मेलने द्या आणि स्वीकारल्याचे उत्तर मागा. साहेबाने कधी कामाची स्तुती लिहिली असेल तर ते पत्र नोकरीत असतानाच जपून ठेवा. पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे, आयकर कपातीचा दाखला यांवरून नोकरी केल्याचे सिद्ध होते. भविष्य निर्वाह निधीच्या यू.ए.एन. खात्यात तर तुमची सेवा तारखेनिशी असते. कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही तर २०२० पासून शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः भरता येते. मालकाने पत्र अडवले तरी ही नोंद त्याच्या मर्जीवर नाही.

रेफरन्ससाठी त्याच साहेबाचे नाव द्यायची सक्ती बहुधा नसते. दुसऱ्या विभागाचा वरिष्ठ, कंपनी सोडून गेलेला आधीचा साहेब, ज्याच्यासाठी काम केले तो ग्राहक चालतो. त्याला आधी विचारा. नव्या कंपनीला फोन होण्यापूर्वीच दोन वाक्यांत सांगा की जुन्या ठिकाणी मतभेद होते आणि कामाचे कागद हे आहेत. तिथे रडगाणे गाऊ नका. आपली बाजू कितीही खरी असली तरी मुलाखत ही तिची जागा नव्हे. नोकरी हुकली तर पडताळणीत काय आले ते लेखी विचारा. उत्तर न मिळण्याचीच शक्यता अधिक, पण विचारल्याची नोंद राहते. खोटे विधान लेखी सापडले तर वकिलामार्फत नोटीस द्या.

आणि हे एकट्या पोराने करायचे नाही. सी.आर.विरुद्ध अर्ज, अपिले लिहिण्यात ज्यांची हयात गेली ते निवृत्त अधिकारी प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांनी रविवारी विहारात दोन तास बसून या मुलांचे मसुदे तपासावेत. कर्मचारी संघटनांनी खाजगी क्षेत्रातील आरक्षणाच्या मागणीखालीच दुसरी मागणी लिहावी : पडताळणीत जुन्या मालकाने जे सांगितले त्याची लेखी प्रत उमेदवाराला मिळावी आणि त्यावर खुलासा करण्यासाठी पंधरा दिवस मिळावेत.