बातमीच्या टेबलावर आपण कुठे?

बारावीचा निकाल लागला की मोहल्ल्यात प्रश्न ठरलेला: इंजिनीअरिंग की मेडिकल? पत्रकारितेचं नाव कुणी काढत नाही. रात्री मात्र तेच घर टीव्हीवर आपल्याबद्दल काय चाललंय ते पाहून चिडतं. बातमी ठरते त्या टेबलावर आपली मुलं-मुली बसणार नसतील, तर ही चिडचिड पुढच्या पिढीच्याही वाट्याला येईल.

मीडिया म्हणजे अँकर, हा समज आधी सोडा. आरोपीच्या नावाआधी त्याचा धर्म लिहायचा की नाही, हे रात्री डेस्कवरचा उपसंपादक ठरवतो. त्याला कुणी ओळखत नाही, पण सकाळी त्याचाच मथळा गावभर वाचला जातो. 2017 मध्ये सुरू झालेल्या ऑल्ट न्यूजचे प्रतीक सिन्हा सॉफ्टवेअर इंजिनीअर, तर मोहम्मद झुबेर नोकियात काम केलेले इंजिनीअर. मीही कोड लिहून पोट भरतो, म्हणून सांगतो: व्हायरल व्हिडिओचं मूळ शोधणं आणि प्रोग्रॅममधली चूक शोधणं यांत फार फरक नाही. झुबेर यांना 2022 मध्ये अटकही झाली होती. अम्मी-अब्बूंशी बोलताना हे लपवू नका.

पगाराबद्दलही खरं बोला. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणाऱ्या मानधनावर घर चालत नाही. म्हणून आधी अर्थशास्त्र, कायदा, विज्ञान अशा एखाद्या विषयाची पदवी घ्या, मग पत्रकारिता शिका. छायापत्रकार दानिश सिद्दीकी यांनी जामियात आधी अर्थशास्त्र घेतलं, नंतर जनसंचार. सुरुवात टीव्हीत केली, मग कॅमेऱ्याकडे वळले आणि 2018 मध्ये रॉयटर्सच्या चमूसोबत पुलित्झर मिळवलं. दिल्ली लांब वाटत असेल तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे.

आणि आपली भाषा! वक्फच्या जमिनीची बातमी करायला सातबाराही वाचता यावा लागतो आणि जुना उर्दू कागदही. दोन्ही येणारे वार्ताहर किती असतील? घरात उर्दू आणि शाळेत मराठी शिकलेल्या मुलीकडे हे आयतंच असतं, फक्त कुणी तिला ते सांगत नाही.

या सुट्टीत एक करून पाहा. 10 रुपये भरून नगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका: आमच्या मोहल्ल्यातल्या गटारांवर गेल्या वर्षी किती खर्च झाला? 30 दिवसांत उत्तर यायला हवं. आलेला आकडा घेऊन गल्लीत फिरा, लोकांशी आणि नगरसेवकाशी बोला, तीनशे शब्दांत बातमी लिहा आणि आमच्याकडे पाठवा. उत्तर आलंच नाही, तर तीही बातमीच आहे.