किताब कुणाच्या बापाचा?

हेवीवेट चॅम्पियनांची यादी तोंडपाठ असलेले बरेच भेटतात. सलिव्हन, कॉर्बेट, फिट्झसिमन्स, जेफ्रीज. जपमाळ ओढल्यासारखी नावं घेतात. मी गोदीत माल उचलणारा, मॅट्रिक झालेला माणूस. मला या यादीवर थुंकावंसं वाटतं. दारावरच काळ्याला अडवायचं, आणि आत उरलेल्यांना जगज्जेते म्हणायचं? कसलं जग, च्यायला!

पीटर जॅक्सन घ्या. वेस्ट इंडीजमधला, सिडनीच्या धक्क्यावर राबलेला, म्हणजे आपल्याच धंद्यातला. १८८६ ला ऑस्ट्रेलियाचा चॅम्पियन. अमेरिकेत आला, तर जॉन सलिव्हन काळ्याशी लढायलाच तयार नाही. जगज्जेत्याचं सोवळं! २१ मे १८९१ ला सॅन फ्रान्सिस्कोत जॅक्सन जिम कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला. चारेक तास. दोघांचे हात उचलेनासे झाले, तेव्हा पंचाने निकालच दिला नाही. पुढच्याच वर्षी कॉर्बेटला सलिव्हन मिळाला, किताब मिळाला. जॅक्सनला घंटा.

मग २८ मार्च १९०५. शहर तेच. गॅल्व्हेस्टनच्या गोदीत काम केलेला जॅक जॉन्सन विरुद्ध मार्विन हार्ट, २० फेऱ्या. तोंड सुजलं हार्टचं आणि पंच ग्रेगेन्सने हात वर केला तोही हार्टचाच. का? तर तो पुढे पुढे जात होता म्हणे. मार खायला पुढे जाण्याचेही मार्क! तीन महिन्यांनी जेफ्रीजच्या रिकाम्या किताबासाठी हार्टला उभा केला, आणि तो चॅम्पियन झाला.

शौकीन लोक अशा निकालांवर फेरीफेरीने वाद घालतात. घाला. पण मी म्हणतो, ही भुरटी चोरी. चुकीच्या निकालात माणूस निदान रिंगणात तरी असतो. जी लढत होऊच दिली नाही, तिचा पंच कोण? तिथे कुणाच्या नावाने बोंब मारायची?

जॉन्सनने टॉमी बर्न्सचा पिच्छा पुरवला. २६ डिसेंबर १९०८, सिडनी. बर्न्सला ३०,००० डॉलर, जॉन्सनला ५,०००. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली, कॅमेराही बंद केला. गोरा आडवा झालेला दिसू नये म्हणून.

आता आपल्यांनाच झोंबेल असं बोलतो. जॉन्सन वर चढला आणि त्याने तेच दार आतून लावून घेतलं. सॅम लँगफर्डला त्याने १९०६ ला हरवलं होतं, पण चॅम्पियन झाल्यावर एकदाही संधी दिली नाही. गोऱ्याशी लढलं की गल्ला जास्त. सहा वर्षांत किताबासाठी एकच काळा समोर घेतला, जिम जॉन्सन, १९१३ ला पॅरिसमध्ये. लँगफर्ड आंधळा झाला, किताबाविना मेला. जॉन्सनने सोसलं, कबूल. गोऱ्या बाईच्या निमित्ताने १९१३ ला त्याला दोषी ठरवलं, माफी मिळाली २०१८ ला, मेल्यावर ७२ वर्षांनी. पण सोसलेल्याने लावलेलं दारही बंदच असतं.

त्याचं फळ हॅरी विल्सने भोगलं. हाही न्यू ऑर्लिन्सचा गोदी कामगार. डेम्पसी १९१९ ते १९२६ चॅम्पियन, आणि विल्स ताटकळत. न्यूयॉर्कच्या कमिशनने विल्सशी लढ म्हणून धरलं, तर डेम्पसी फिलाडेल्फियात जाऊन टनीशी लढला. १९१५ ला जॉन्सन हरला, त्यानंतर काळ्याला किताबाची लढत मिळाली थेट १९३७ ला, जो लुइसला. २२ वर्षं!

तेव्हा ती यादी घ्या आणि पेन काढा. सलिव्हनपुढे लिहा: जॅक्सनशी लढला नाही. डेम्पसीपुढे लिहा: विल्सशी लढला नाही. जॉन्सनपुढेही लिहा, हात कापला तरी लिहा: चॅम्पियन झाल्यावर लँगफर्डशी लढला नाही. उद्या आपल्यातला कुणी वर चढून कडी लावेल, तर त्याच्याही नावापुढे लिहायचंय. शाई ठेवा.