मागच्या सीटवरच्या ज्येष्ठांचा पोशाख

पवनीहून भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय सुमारे ४५ किलोमीटर आहे. एसटीची वेळ आणि डॉक्टरांची वेळ जुळत नाही, म्हणून रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा डोळ्यांच्या तपासणीला निघालेले कितीतरी आजी-आजोबा मुलाच्या अथवा नातवाच्या दुचाकीवर मागे बसून जातात. निघण्यापूर्वी पेट्रोल पाहिले जाते, टायरमधली हवा पाहिली जाते. मागे बसणाऱ्याच्या अंगावर काय आहे, हे मात्र कोणी पाहत नाही. साठी ओलांडलेल्या शरीरासाठी दुचाकीवरचे कपडे नव्या औषधाइतक्याच विचाराने निवडावे लागतात आणि ते मानवतात की नाही, हे प्रवासाआधी घरीच तपासावे लागते.

प्रारंभ डोक्यापासून करू. वाढत्या वयात मेंदू किंचित आक्रसतो आणि मेंदू व कवटी यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. त्यातच ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन यांसारखी गोळी चालू असेल, तर गतिरोधकावर उसळून झालेले साधे पडणेही डोक्यात हळूहळू रक्तस्राव घडवू शकते. तो त्याच दिवशी लक्षात येईल असे नाही. दोन-तीन आठवड्यांनी आजोबा गुंगीत राहू लागतात, चालताना झोक जातो, बोलण्यात गोंधळ होतो. आणि घरचे ते सारे वयावर ढकलून मोकळे होतात. अशा वेळी मागच्या पडण्याची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. सीटी स्कॅनमध्ये उलगडा होतो, आणि वेळेत उपचार झाल्यास माणूस पूर्ववत हिंडूफिरू लागू शकतो. अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात हेल्मेटमुळे अपघाती मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे आढळले. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक करते. ‘मला कुठे गाडी चालवायची आहे?’ हा आजोबांचा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

हेल्मेट घेताना नातवाचे जुने आजोबांना देऊ नका. भुवयांच्या दोन बोटे वर डोक्याचा घेर टेपने मोजा आणि त्या मापाचे, आयएसआय चिन्ह व ‘आयएस ४१५१’ हा क्रमांक असलेले घ्या. १ जून २०२१ पासून या चिन्हाविना हेल्मेट विकता येत नाही. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर प्रमाणित हेल्मेटांपैकी वजनाने हलके पाहा. दुकानात जाताना नेहमीचा चष्मा आणि श्रवणयंत्र बरोबर न्या. चष्म्याची दांडी कानशिलावर रुतत असेल किंवा यंत्र शिट्टी वाजवू लागत असेल, तर ते हेल्मेट कितीही स्वस्त असो, ठेवून द्या. पट्टा लावून डोके हलवल्यावर हेल्मेट एकटे फिरता कामा नये. गालांची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे.

नवे हेल्मेट थोडे घट्टच वाटते. पहिले चार-पाच दिवस संध्याकाळी घरात बसल्याबसल्या वीस-पंचवीस मिनिटे ते घालून ठेवावे. गालांजवळचा स्पंज वापराने बसतो आणि पकड सैलावते. कपाळावर एकाच जागी ठणका लागत असेल, तर मात्र तो वापराने जाणार नाही. आकारच चुकला आहे, असे समजून बदलून घ्या. आजींनी उंच अंबाडा सोडून मानेपाशी वेणी घालावी, म्हणजे हेल्मेट पुरते खाली बसते.

आता आपल्या भागातला नाजूक प्रश्न : दुपट्टा. विदर्भात वैशाखाच्या उन्हात कान-डोके गुंडाळल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु जाड दुपट्ट्यावर हेल्मेट चढवले की ते डोक्यावर नुसते तरंगते आणि आघाताच्या वेळी निसटते. हेल्मेटच्या आत पातळ सुती टोपी घाला. दुपट्टा मानेभोवती घेऊन त्याची टोके सदऱ्याच्या आत खोचा. पवनीत कोष्ट्यांच्या हातमागाची परंपरा आहे. कोणते सूत घाम शोषते, हे येथे कोणाला शिकवायला नको.

उन्हाळ्यात ‘गाडीवर वारा लागतो, अंग उघडे असलेले बरे’ असे म्हणतात. हवा सुमारे ३५ अंशांच्या खाली असेल तोवर ते बरोबर आहे, कारण आपल्या त्वचेचे तापमानही साधारण तितकेच असते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की तोच वारा अंगात उष्णता भरतो आणि पाणी ओढून नेतो. वृद्धांना घाम कमी येतो, तहान उशिरा कळते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर अंगातले पाणी आणखी घटते. म्हणून पूर्ण बाह्यांचा, सैल, फिकट रंगाचा सुती कपडा आणि हातमोजे घाला. मानेवरचा दुपट्टा ओला करून पिळून घेतला तर कोरड्या हवेत चांगला गारवा मिळतो. पावसाळ्याच्या दमट हवेत या युक्तीचा उपयोग होत नाही. सकाळी नऊच्या आत पोहोचता येईल, असे निघणे सर्वांत उत्तम.

कपड्याचे सुटे टोक मात्र कोणत्याही ऋतूत घातकच. सुप्रसिद्ध नर्तिका इझाडोरा डंकन १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील नीस येथे मोटारीतून जाताना गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ चाकात अडकून मरण पावली. आपल्याकडे पदर, ओढणी आणि दुपट्टा हेच काम करतात. मागचे चाक किमान अर्धे झाकणारे आवरण, पकडायला मूठ आणि पाय ठेवायला जागा असावी, हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम आहे. काही हौशी तरुण ते आवरण काढून टाकतात. आजीला बसवण्यापूर्वी ते परत बसवून घ्या. नऊवारी नेसणाऱ्या आजींना येथे एक सोय आहे. काष्ट्यामुळे त्यांना दोन्ही बाजूंना पाय टाकून बसता येते, आणि एका बाजूला बसण्यापेक्षा ते पुष्कळ स्थिर असते. बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे असल्याने उजव्या पोटरीवर जाड मोजा मात्र हवा. नायलॉन वा पॉलिस्टर गरम सायलेन्सरला लागले की वितळून कातडीला चिकटते.

पावसात मागे बसून छत्री उघडू नये. वाऱ्याचा एक झोत माणसाला मागे ओढतो. झग्यासारखा रेनकोटही फडफडून चाकाकडे जातो. शर्ट-पँट असा दोन भागांचा, ठळक पिवळ्या किंवा नारिंगी रंगाचा रेनकोट घ्या आणि तो चढवून, उभ्या गाडीवर बसून पाहा. गुडघा वाकल्यावर पँट ओढली जात असेल तर एक माप मोठे घ्या. संधिवाताने बोटे आखडलेल्यांसाठी चेनच्या टोकाला दोरीचे कडे बांधावे.

लांबच्या प्रवासाला कोपर-खांद्यांशी पॅड असलेले जाळीदार जॅकेट मिळते. वृद्धांची त्वचा पातळ असते, घासली की सोलली जाते, त्यामुळे त्याचा खर्च मला रास्त वाटतो; चामड्याचे जॅकेट मात्र आपल्या उन्हाळ्यात शिक्षाच ठरेल. थंडीत एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर आणि वर वारा अडवणारा रेनकोट बरा. १० अंशांच्या पहाटे ताशी ४० किलोमीटर वेगाने गेल्यास अंगाला सुमारे ६ अंशांइतका गारठा जाणवतो.

शेवटी पाय. चप्पल पायदानावरून सटकते, म्हणून टाच बंद असलेला बूट हवा. मधुमेहींनी नवा बूट पहिल्या दिवशी घरात अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तासभर असा वाढवत घालावा, कारण बधिर पायाला फोड झालेला कळत नाही. बूट काढल्यावर आरशात तळपाय पाहा किंवा सुनेला, मुलाला पाहायला सांगा. अर्ध्या तासानंतरही लाल डाग तसाच राहिला, तर तो बूट दुकानात परत द्या.