मुरलेल्या पानाचा धनी कोण?

मंडळी, नव्या तांदळाचा भात गिचका होतो, जुन्याचा मोकळा फुलतो. लोणचेही मुरल्यावरच चवीला लागते. हे आमच्या माउल्यांना सांगायला नको. तंबाखूचेही असेच आहे.

अमेरिकेत लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीकाठी सेंट जेम्स नावाचा परगणा आहे. तिथली ‘पेरीक’ तंबाखू पाइपात ओढायच्या मिश्रणात थोडीशीच घालतात. १८२४ च्या सुमारास पिएर शने या शेतकऱ्याने तिचा धंदा उभा केला, असे सांगतात. पान टांगून सुकवायचे, मग ओलवून मधली शीर हाताने काढायची. जुड्या वळून दारूच्या जुन्या लाकडी पिंपात ठासायच्या आणि वरून स्क्रूच्या जॅकने दाब द्यायचा. पान आपल्याच रसात आंबते. वर्षात निदान तीनदा पिंप उपसून वारा द्यायचा, पुन्हा भरायचे. शेवटी काळेभोर पान निघते. वास सुक्या अंजिरासारखा, झणका मिरीचा!

डबाबंद मिश्रणही मुरते. व्हर्जिनिया पानात साखर जास्त, म्हणून काही वर्षांत त्याचा रंग गडद होतो, तिखटपणा मावळतो, गोडी वाढते. बर्ली पानात साखर कमी, म्हणून फरकही कमी. लाकडाच्या धुरावर धरलेल्या लाटाकिया पानाचा धुरकट वास मात्र हळूहळू उतरतो. म्हणजे जुने ते सगळेच सोने नव्हे. डबा नीट बंद नसला तर पान वाळते, ओल जास्त राहिली तर बुरशी धरते. आणि ओढणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे : मुरल्याने धार मरते, विष मरत नाही. कॅन्सर नवे-जुने पाहत नाही.

खरा मुद्दा पुढेच आहे. किंमत पानाची तशी थांबण्याचीही असते. लुइझियानातल्या शेतकरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे थांबणे स्वतःच्या कोठारात केले. आपल्याकडे देणेकरी दारात उभा, म्हणून माल खळ्यावरूनच जातो. तो मुरतो दुसऱ्याच्या वखारीत. पडेल भावाला कंटाळून निपाणीच्या तंबाखू उत्पादकांना १९८१ साली हमरस्ता अडवावा लागला होता.

तूर, सोयाबीन, हळद असा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून शेतमाल तारण योजनेत कर्ज मिळते. भाव उतरूही शकतो, तेव्हा सगळा माल अडकवू नका. पण चार पोती तरी ठेवता येतील का, याचा हिशेब सुगीआधी घरात बसून करा. घरधनिणीला विचारा. लोणचे कधी उघडायचे हे तिला बरोबर कळते.